उतारवयातील बिऱ्हाड : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

निवृत्तीनंतर कोठे राहावे, या विषयावर गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांतील निम्म्याहून अधिक पत्रांचा शेवट ‘एखादे चांगले आणि स्वस्त ठिकाण सुचवावे’ या विनंतीने होतो. तसे नाव सुचवण्याचे मी मुद्दाम टाळते, कारण एकाला मानवलेले गाव दुसऱ्याला मानवेलच असे नाही; गाव पारखायचे कसे, एवढे मात्र सांगता येते. त्या दृष्टीने निवडलेल्या सहा पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे व गावे त्यांच्याच इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : मी आणि माझे पती येत्या दोन वर्षांत निवृत्त होत आहोत. गेली १२ वर्षे आम्ही दर सुट्टीत एका थंड हवेच्या डोंगराळ गावी जातो. तेथे आमच्या शहरातील घराच्या निम्म्या किमतीत बाग असलेले टुमदार घर मिळते आहे. शहरातील घर विकून तेथे कायमचे जावे आणि उरलेली रक्कम गुंतवून निवृत्तिवेतनाला जोड द्यावी, असे आम्हा दोघांच्याही मनात आहे. आमचे काही चुकते आहे का?

उत्तर : चुकत नाही, पण घाई होते आहे. त्या गावी तुम्ही १२ वर्षे जात आहात हे खरे; तेथे राहिलात किती, याचा एकदा हिशेब करा. दर वर्षी आठ दिवस धरले तरी जेमतेम तीन महिने भरतात आणि तेही वर्षातील सर्वांत सुखाच्या ऋतूतले. शिवाय पाहुणा म्हणून उतरणाऱ्याला पाणी किती वाजता येते, गेलेली वीज किती तासांनी परत येते, नळ गळू लागला तर दुरुस्तीला माणूस किती दिवसांनी मिळतो, यातले काहीच कळत नाही, कारण ते सगळे यजमान परस्पर निभावत असतो. तुम्हाला त्या गावची हवा ठाऊक आहे, गाव अजून ठाऊक व्हायचे आहे.

आता किमतीचा मुद्दा. एखाद्या ठिकाणी घर स्वस्त मिळते ते कशामुळे तरी मिळते, आणि ते कशामुळे, हे शोधून काढल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शहरातील घराच्या किमतीत विटा-सिमेंटपेक्षा जागेच्या मोक्याचे मोल अधिक असते. कामाचे ठिकाण जवळ असावे, मुलांना विशिष्ट शाळा मिळावी, रोजचे दोन तास प्रवासात जाऊ नयेत, यासाठी लोक ती किंमत मोजतात. निवृत्त माणसाला यातले काही नको असते. म्हणून जे गाव केवळ तेथे नोकऱ्या नाहीत म्हणून स्वस्त आहे, तेथे तुमचा निखळ फायदा आहे. ज्याची गरज संपली त्याचे पैसे देणे तुम्ही थांबवता, एवढाच त्याचा अर्थ. पण गावात डॉक्टर टिकत नाहीत, उन्हाळ्यात पाणी पुरत नाही, शेवटची बस संध्याकाळी पाचलाच निघून जाते, अशा कारणांनी घरे स्वस्त असतील, तर आज वाचलेले पैसे सत्तरीनंतर टॅक्सी, टँकर आणि पगारी मदतनीस यांच्यापायी व्याजासह जातात. बाहेरून पाहता ही दोन्ही गावे अगदी सारखी दिसतात आणि दोन्हींकडचे दलाल ‘शांत, निसर्गरम्य परिसर’ हेच शब्द वापरतात.

फरक ओळखण्याची एक खूण मला फार उपयोगी वाटते. बाहेरून येऊन तेथे स्थायिक झालेल्या वृद्धांची चौकशी करा. साठीला आलेले लोक ऐंशीपर्यंत तेथेच नांदत असतील, तर गावाची बाजू भक्कम आहे. साठीला येऊन पंचाहत्तरीच्या आत घर विकून परत जाणारे बरेच असतील, तर ते का गेले हे विचारा. हे प्रश्न दलालाला विचारण्यात अर्थ नाही. औषधांच्या दुकानात, टपाल कार्यालयात आणि टॅक्सी चालवणाऱ्याला विचारा. आणखी एक गोष्ट म्हणजे, ज्या गावी घर घ्यायला गिऱ्हाईक कमी, तेथे ते विकायलाही गिऱ्हाईक कमीच असते. पुढे परतावे लागले, तर निम्म्या किमतीत घेतलेले घर त्या किमतीलाही चटकन खपत नाही, आणि दरम्यान शहरातील किमती पुढे निघून गेलेल्या असतात. एकदा विकलेले शहरातील घर पुन्हा मिळत नाही, असे धरूनच चालावे.

थंड हवेलाही खर्च असतो. समुद्रसपाटीपासून दर १००० मीटर वर गेले की तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने उतरते. उन्हाळ्यात जी उंची सुखावते तीच हिवाळ्यात घर उबदार ठेवण्याचे बिल वाढवते आणि बाग असलेल्या सुट्या घराला चारही बाजूंनी थंडी लागते. गाव २५०० मीटरच्या आसपास असेल, तर तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे तीन-चतुर्थांश असतो. दोघांपैकी कोणाला हृदयाचा किंवा फुप्फुसांचा विकार असेल, तर व्यवहार करण्याआधी स्वतःच्या डॉक्टरांशी बोलावे. डोंगरउतारावरच्या घरांचा रस्त्यापासून दारापर्यंतचा चढ मोजायलाही विसरू नका. सुट्टीत उत्साहाने चढलेल्या ४० पायऱ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर वेगळ्या वाटतात.

उपचारांच्या सोयीबद्दल ‘गावात दवाखाना आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघाताचा झटका आला, तर ती विरघळवणारे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, जितके लवकर तितके बरे; आणि ते देण्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. त्या साडेचार तासांत लक्षण ओळखणे, वाहन मिळवणे, घाट उतरणे, स्कॅन होणे आणि तज्ज्ञाने ते पाहणे हे सगळे बसले पाहिजे. तेव्हा चोवीस तास स्कॅन होते असे जवळचे रुग्णालय कोणते ते शोधा, आणि एकदा रात्री, तेही पावसापाण्याच्या दिवसांत, स्वतः वाहनाने तेथवर जाऊन घड्याळ लावून वेळ मोजा. नकाशावर दिसणारी मिनिटे कोरड्या रस्त्याची असतात.

माझा सल्ला असा की शहरातील घर तूर्त भाड्याने द्यावे आणि त्या गावी एक पूर्ण वर्ष भाड्याच्या घरात राहावे. ‘एक-दोन महिने’ पुरणार नाहीत. जो ऋतू टाळून तुम्ही आजवर सुट्टी घेतलीत, तो ऋतू त्या वर्षात आलाच पाहिजे. भाडे म्हणजे वाया गेलेला पैसा, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. मलाही वाटत असे. निवृत्तीनंतर मी समुद्रकाठच्या एका गावी १४ महिने भाड्याने राहिले. पहिले चार महिने स्वर्ग होता. पुढे कपाटाचे कुलूप दर पंधरा दिवसांनी तेल सोडल्याखेरीज उघडेना, खिडक्यांच्या बिजागऱ्यांचा तांबूस चुरा चौकटीवर साचू लागला आणि पावसाळ्यात वाळत घातलेले कपडे तिसऱ्या दिवशीही ओलसर लागत. इतरांना त्याचे काही वाटत नव्हते, मला वाटत होते. सामान बांधून परत येण्यापलीकडे माझे नुकसान झाले नाही. ते घर विकत घेतलेले असते, तर मी आजही तेथेच तेलाची कुपी घेऊन बसले असते.

प्रश्न : मी एकटा असून ५५ व्या वर्षी काम थांबवण्याचा विचार करतो आहे. राहणीमान स्वस्त असलेल्या एखाद्या परक्या देशात गेलो, तर माझी पुंजी ३० वर्षे पुरेल असा हिशेब मी मांडला आहे. त्यासाठी पुंजीच्या ४ टक्के रक्कम दरवर्षी काढण्याचा नियम वापरला आहे. हे कितपत व्यवहार्य आहे?

उत्तर : तुम्ही वापरलेला नियम विल्यम बेन्गन या अमेरिकी आर्थिक सल्लागारांनी १९९४ मध्ये मांडला. पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के रक्कम काढावी आणि पुढे दरवर्षी ती महागाईच्या प्रमाणात वाढवावी, म्हणजे पुंजी निदान ३० वर्षे टिकते, असा तो ठोकताळा आहे. मात्र तो अमेरिकेतील शेअर व रोखे यांच्या पूर्वीच्या परताव्यावर आणि अमेरिकेतीलच महागाईवर बेतलेला आहे. तुमची पुंजी एका चलनात, खर्च दुसऱ्या चलनात आणि महागाई तिसऱ्याच वेगाने, अशी स्थिती असेल, तर त्या नियमाचा आधार बराच पातळ होतो. शिवाय ५५ व्या वर्षी थांबणाऱ्याने ३० वर्षांचा हिशेब मांडणे म्हणजे ८५ व्या वर्षी पुंजी संपवण्याची तयारी ठेवणे. निदान ४० वर्षे धरा आणि सुरुवातीची टक्केवारी त्यानुसार खाली आणा.

चलनाचा फरक आज तुमच्या बाजूने आहे म्हणून तो गृहीत धरला जातो. यजमान देशाचे चलन पाच वर्षांत २० टक्क्यांनी वधारले, तर तुमचे उत्पन्न न घटताही तुमचे घरभाडे तुमच्या हिशेबात २० टक्क्यांनी महाग होते, आणि त्यावर तेथील महागाई असतेच. त्यासाठी एक प्रयोग करा : वार्षिक खर्चाचा जो आकडा आला असेल त्यात पाव हिस्सा वाढवा आणि मग पुंजी पुरते का ते पाहा. पुरत नसेल, तर तो देश तुमच्यासाठी स्वस्त नाही, तूर्त फक्त तसा दिसतो आहे.

त्याहून मोठा प्रश्न नियमांचा आहे, कारण परक्या देशातील मुक्काम त्या सरकारच्या मर्जीवर असतो. पोर्तुगालने २००९ मध्ये बाहेरून येऊन राहणाऱ्यांसाठी करसवलतीची योजना आणली, तीत परदेशी निवृत्तिवेतनावर कर पडत नसे. २०२० मध्ये नव्याने येणाऱ्यांच्या निवृत्तिवेतनावर १० टक्के कर आला आणि २०२४ पासून ती योजना बहुतेक नव्या अर्जदारांना बंद झाली. यात पोर्तुगालची काही चूक नाही. घरे महाग होऊ लागली की तेथील नागरिक तक्रार करणार आणि सरकार ऐकणार. केवळ सवलतीवर उभारलेला बेत सवलतीबरोबर कोसळतो, एवढे ध्यानात ठेवावे. अनेक देशांत वर्षातून १८३ दिवसांहून अधिक राहणारा माणूस करासाठी तेथील रहिवासी ठरतो, तेव्हा दोन्ही देशांच्या करव्यवस्था समजणाऱ्या सल्लागाराला शुल्क देऊन एकदा भेटणे हा काटकसरीचाच भाग समजावा.

निवृत्तिवेतन आणि आरोग्यविमा सीमेपलीकडे तुमच्याबरोबर येतात की नाहीत, हेही तपासले पाहिजे. ब्रिटनचे सरकारी निवृत्तिवेतन घेणारा माणूस ऑस्ट्रेलियात किंवा कॅनडात स्थायिक झाला, तर त्याच्या रकमेत होणारी दर वर्षीची वाढ थांबते. अमेरिकेतील ज्येष्ठांचा मेडिकेअर हा सरकारी विमा देशाबाहेरील उपचारांना सहसा लागू होत नाही. तुमच्या स्वतःच्या योजनेत काय लिहिले आहे ते मूळ कागदपत्रांत वाचा. आधीच तेथे गेलेल्या मंडळींच्या सांगण्यावर विसंबू नका, कारण ते ज्या वर्षी गेले त्या वर्षीचे नियम सांगतात.

एक गोष्ट हिशेबात बसत नाही म्हणून राहून जाते. बाजारहाटापुरती परकी भाषा सहा महिन्यांत येते, पण मध्यरात्री रुग्णालयात छातीत नेमके दुखते आहे, टोचते आहे की जड वाटते आहे, हे परिचारिकेला सांगायला ती पुरत नाही. ज्या देशात जाल त्या देशाची भाषा जाण्यापूर्वीच शिकायला लागा. शिकण्याचा कंटाळा येत असेल, तर त्या कंटाळ्यालाही उत्तर समजावे. आणि परतीच्या प्रवासाची, सामान हलवण्याची व मायदेशी एक वर्ष राहण्याची रक्कम वेगळी काढून ठेवा. तिला हात लावू नका.

प्रश्न : पतींच्या निधनानंतर गेली तीन वर्षे मी एकटी राहते. वय ६८. मुलगा आणि सून त्यांच्या गावी कायमचे बोलावतात. तेथे राहणीही तुलनेने स्वस्त आहे. येथे माझ्या मैत्रिणी आहेत, वाचनालय आहे, रोजचा फिरण्याचा रस्ता आहे. काय करावे?

उत्तर : तुमचे पत्र दोनदा वाचले. मुलाच्या गावाबद्दल त्यात एक ओळ आहे आणि मैत्रिणींबद्दल दीड पान. पत्राने उत्तर दिले आहे असे मी म्हणणार नाही, परंतु हे प्रमाण तुमच्याही नजरेस यावे.

मुलाला एक प्रश्न मोकळेपणाने विचारा : येत्या दहा वर्षांत नोकरीनिमित्त हे गाव सोडण्याची शक्यता किती? पुष्कळदा आई-वडील आपले घरदार आवरून मुलांच्या गावी जातात आणि चार वर्षांत मुलांची बदली होते. मग त्यांच्यामागून पुन्हा सामान बांधायचे, किंवा ज्या गावात मुलाखेरीज कोणी ओळखीचे नाही तेथे एकटे राहायचे, असे दोनच पर्याय उरतात. म्हणून मुलगा तेथे नसता तर या गावात मी राहिले असते का, याचे उत्तर आधी द्या. ‘हो’ असेल, तर जा. ‘नाही’ असेल, तर निदान त्याचा मुक्काम पक्का होईपर्यंत थांबा.

जायचे ठरलेच, तर एकाच घरात राहण्याऐवजी चालत दहा मिनिटांच्या अंतरावर लहानसे स्वतंत्र घर पाहावे, असे मी सुचवेन. खर्च थोडा वाढतो, पण दोन्ही घरांची दारे स्वतंत्र राहतात आणि जाणे-येणे आपखुशीचे राहते. सुनेशीही स्वतंत्रपणे बोला. निमंत्रण दोघांचे आहे असे पत्रात आहे, ते तिच्याच तोंडून ऐकलेले बरे. आणि निर्णय ७८ व्या वर्षापर्यंत लांबवू नका. नव्या गावात वाचनालयाची वाट पायाखालची व्हायला, हाक मारणारी दोन माणसे जोडायला अंगात त्राण लागते. ते अडुसष्टाव्या वर्षी असते. प्रकृती बिघडल्यावर हलवलेल्या माणसाला नव्या गावाची ओळख खिडकीतूनच होते.

येथेच राहायचे ठरले, तरी मुलाला ‘येत नाही’ एवढेच कळवू नका. कोणत्या परिस्थितीत येईन, हेही त्याच वेळी लिहून दोघांनी जपून ठेवा.

प्रश्न : तळमजल्याचे घर घ्यावे की लिफ्ट असलेल्या इमारतीतील वरचे? आणि वयाचा विचार करून घरात काय पाहावे?

उत्तर : पायऱ्यांशिवाय रस्त्यापर्यंत जाता येईल ते घर घ्यावे. लिफ्ट असेल, तर ती वर्षातून किती दिवस बंद असते आणि वीज गेल्यावर चालते का, हे रहिवाशांकडून काढून घ्या. तळमजल्याच्या घरात पावसाचे पाणी शिरल्याच्या खुणा असल्या, तर त्या नव्या रंगाखाली दडलेल्या असतात. म्हणून कपाटांच्या मागच्या बाजूला हात लावून पाहा.

घर पाहायला जाताना मोजपट्टी न्या. चाकाची खुर्ची आत जायला दाराची मोकळी रुंदी किमान ८० सेंटिमीटर लागते आणि ती फिरवायला १५० सेंटिमीटर व्यासाची जागा लागते. उंबरठ्याला उतार करायचा झाल्यास १ : १२ हे प्रमाण धरतात, म्हणजे ३० सेंटिमीटर उंचीसाठी ३.६ मीटर लांबी; तेवढी जागा दारापुढे आहे का ते पाहावे. स्नानगृहात आधाराचा दांडा बसवता येईल इतकी भिंत भक्कम हवी, कारण पोकळ पडदीच्या भिंतीतून तो नेमक्या वेळी उखडतो. शेवटी उजेड. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांश प्रकाश पोहोचतो. सकाळी अकराला दाखवलेले घर संध्याकाळी सातलाही पाहावे.

प्रश्न : खास ज्येष्ठांसाठी बांधलेल्या वसाहतीत घर घेण्याचा आमचा विचार आहे. ठेव मोठी आहे, मात्र मासिक शुल्क आज परवडते. करारात काय पाहावे?

उत्तर : अशा वसाहतींना मोठी प्रसिद्धी मिळाली ती अमेरिकेत. ॲरिझोना राज्यात डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाच्या कंपनीने १ जानेवारी १९६० रोजी सन सिटी खुली केली. घरांच्या जोडीला खेळाचे मैदान, दुकाने आणि करमणुकीचे केंद्र आधीच तयार ठेवले होते. माहितीपत्रकांत आजही हीच चित्रे असतात आणि ती सारी धडधाकट साठीतल्या माणसाची असतात. तुम्हाला करारात शोधायचा आहे तो ८२ वर्षांचा, आधाराशिवाय न उठणारा रहिवासी. त्याला ती वसाहत ठेवून घेते का? शुश्रूषेची सोय आवारातच आहे का, तिचे शुल्क वेगळे किती, आणि ‘आमच्याकडे काळजी घेणे शक्य नाही’ हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, ही कलमे शब्दशः वाचा. दोघांपैकी एकाच्या पश्चात शुल्क निम्मे होते की तेवढेच राहते, तेही पाहा. बहुधा ते तेवढेच राहते आणि निवृत्तिवेतन मात्र घटते.

मासिक शुल्क आज परवडते, याला फारसा अर्थ नाही. ते वर्षाला किती वाढू शकते, याची कमाल मर्यादा करारात आकड्याने लिहिलेली हवी. ७२ या संख्येला वाढीच्या दराने भागले की रक्कम दुप्पट व्हायला लागणारी वर्षे अंदाजे मिळतात. दरवर्षी ८ टक्के वाढ असेल, तर नऊ वर्षांत शुल्क दुप्पट आणि अठरा वर्षांत चौपट होते. तुमचे निवृत्तिवेतन त्या वेगाने वाढणार नाही. ‘बाजारभावानुसार वाढ’ असा मोघम शब्दप्रयोग दिसला, तर आकडा लिहून मिळेपर्यंत सही करू नका.

ठेवीच्या परताव्याबाबत मी जरा कडवटपणे लिहिते, त्याला कारण आहे. माझ्या एका आप्तांनी अशाच एका वसाहतीतील घर सोडले, तेव्हा ‘घराला नवा रहिवासी मिळाल्यानंतर’ ठेव परत मिळेल, असे एक कलम पुढे आले. नवा रहिवासी शोधण्याचे काम वसाहतीचेच होते आणि तिच्याकडे आणखी रिकामी घरे होती. पैसे मिळायला सव्वादोन वर्षे लागली. तेव्हा परताव्याला अमुक दिवसांची मुदत हवी, त्यानंतर व्याज हवे आणि कापली जाणारी रक्कम टक्क्यांत लिहिलेली हवी. आपण वसाहत पाहायला गेलो की व्यवस्थापक आवार फिरवून दाखवतात. त्यानंतर एकदा न कळवता, दुपारच्या वेळी जा आणि पाच वर्षांहून अधिक काळ राहिलेल्या दोघा-तिघांशी व्यवस्थापकांच्या अनुपस्थितीत बोला. शुल्क आजवर कसे वाढत गेले, हे त्यांच्या जुन्या पावत्यांवरून कळते.

प्रश्न : सगळे कोठेतरी जाण्याच्या गोष्टी करतात. आम्हा दोघांना मात्र आहे तेथेच राहावेसे वाटते. गाव महाग आहे, गर्दी आहे, तरीही. हे आळशीपणाचे तर नाही ना?

उत्तर : मुळीच नाही. तुमचा डॉक्टर तुम्हाला २० वर्षे ओळखतो, दुकानदार सामान घरी पोहोचवतो, शेजारच्या घरी किल्ली ठेवता येते. यांची किंमत कोणत्याही तक्त्यात येत नाही, आणि नव्या गावी हे सगळे मिळवायला वर्षे जातात. खर्चाची अडचण असेल, तर गाव सोडण्याआधी घर बदलण्याचा विचार करा. त्याच वस्तीत लहान घर घेतले, तर फरकाची रक्कम हाती येते आणि ओळखीची माणसे तशीच राहतात.

मात्र आहे ते गावही, परके असल्यासारखे एकदा तपासून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने ३३ शहरांतील ज्येष्ठांशी बोलून २००७ मध्ये वृद्धस्नेही शहरांविषयीची मार्गदर्शिका काढली. तीत रस्ते-इमारती, वाहतूक, घरे, सामाजिक सहभाग, मानाची वागणूक, कामाच्या व नागरिक म्हणून वावरण्याच्या संधी, माहिती आणि आरोग्यसेवा अशी आठ अंगे धरली आहेत. कागदावर ही आठ नावे लिहून प्रत्येकापुढे तुमच्या गल्लीतील एकेक उदाहरण लिहिता येते का पाहा. माझ्या स्वतःच्या कागदावर ‘वाहतूक’ या शब्दापुढची जागा बराच वेळ कोरी राहिली होती.

आणखी एक चाचणी पाच मिनिटांची आहे. पादचाऱ्यांसाठीचे सिग्नल पुष्कळ ठिकाणी सेकंदाला सुमारे १.२ मीटर या चालीवर बेतलेले असतात आणि वय वाढते तशी अनेकांची चाल त्याहून मंदावते. घराजवळचा जो मोठा रस्ता रोज ओलांडावा लागतो, तेथे दोघांनी हिरवा दिवा लागताच नेहमीच्या चालीने निघावे आणि पलीकडच्या पदपथावर पाय ठेवताना किती सेकंद उरले ते मोजावे. पाचांहून अधिक उरले, तर दोन वर्षांनी पुन्हा मोजा. एकही उरला नाही, तर बाजार, औषधे आणि बस रस्त्याच्या ज्या बाजूला आहेत, त्या बाजूला एखादे घर भाड्याने मिळते का, याची चौकशी याच महिन्यात सुरू करा.